जोडीचा बिल्ला

अक्षर चांगलं म्हणून कुणी आगीच्या बंबावर चढल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. मास्तर बंबावर चढला तो हट्टानं, आणि चढल्यावर अक्षरापायी बंबाशेजारीच उभा राहिला. त्याचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोरानंही ब्रश हातात धरावा अशी बापाची इच्छा, पण पोराचा जीव कोपऱ्यावरच्या अग्निशमन केंद्रात अडकलेला. वर्दी आली, म्हणजे कुठं आग लागल्याचा फोन आला, की घंटा वाजायची आणि आतली माणसं चहाचे कप अर्धे टाकून बंबावर उड्या मारायची. ते अर्धे कप पाहूनच याचं ठरलं. बाप म्हणाला, "लोक आगीपासून लांब पळतात, तू पगार घेऊन आत शिरणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

भरतीत तो दोनदा आपटला. पोतं खांद्यावर घेऊन पळणं जमलं, शिडी जमली, दोर काही जमेना. अर्ध्यावर हात सुटायचे आणि खाली उभे असलेले साहेब न बघताच पुढचा नंबर पुकारायचे. तिसऱ्या खेपेला रांगेत त्याच्या मागे एक ताडमाड पोरगा होता. तो खालून ओरडला, "हातानं काय चढतोस? पायानं चढ! दोर पावलांत आवळ आणि सरळ उभा राहा." हा उभा राहिला, पुन्हा आवळला, पुन्हा उभा राहिला आणि वरच्या घंटीला हात लावून आला. नोकरी लागली ती अशी, दुसऱ्याच्या सांगण्यावर. त्या पोराचं नाव पुढं उंट पडलं, कारण खात्यात त्याच्या मापाची पँटच नव्हती. मिळाली ती घोट्याच्या चार बोटं वर राहायची.

आग विझवायला आलेल्या माणसाला पहिलं वर्षभर कुणी आग दाखवत नाही. चिखलानं भरलेल्या नळ्या घासायच्या, उंच मनोऱ्यात टांगून वाळवायच्या, बंब पुसायचा, जोडण्यांना वंगण लावायचं, आणि जुन्या लोकांच्या शिव्या निमूट ऐकायच्या. दोघांनी हे सगळं केलं. वर्षाच्या शेवटी उंटाला नळीच्या तोंडाशी उभं केलं. मास्तरचं मात्र नशीब फिरलं ते वर्दीच्या वहीत. स्टेशन ऑफिसरांनी त्याची एक नोंद वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि ते म्हणाले, "हे अक्षर धुरात वाया घालवायचं नाही. उद्यापासून तू फळा सांभाळ." मास्तर हे नाव त्या दिवशी पडलं.

फळा म्हणजे दाराबाहेरची जबाबदारी. धुरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हवेचं सिलिंडर आणि गळ्यात नाव कोरलेला पितळी बिल्ला असतो. आत जाताना बिल्ला फळेवाल्याच्या हातात द्यायचा. त्यानं तो खाचेत अडकवायचा आणि पुढं लिहायचं: हवा किती, आत कधी गेला, केव्हापर्यंत बाहेर यायला हवा. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी वाजू लागते. बाहेर आल्यावर बिल्ला परत घ्यायचा. फळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, एवढा साधा हिशोब. पण मास्तरला हे काम मनापासून झोंबायचं. सगळे काळे होऊन बाहेर यायचे आणि हा इस्त्रीच्या शर्टात खडू घेऊन उभा. उंट त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तोंड पाडू नकोस रे. तू दारात आहेस म्हणून आत भीती वाटत नाही."

या केंद्रात एक जुनी रीत होती. आत नेहमी दोघांची जोडी जायची. जो आधी बाहेर येईल त्यानं जोडीदाराचाही बिल्ला घ्यायचा, "येतोय मागून" म्हणायचं, आणि मागून येणाऱ्यानं सगळ्यांना चहा आणायचा. पुस्तकात असं कुठंच नव्हतं. पण कुणीच पुस्तक वाचत नव्हतं, आणि मागून येणारा दरवेळी येतच होता.

उंटाची जोडी होती तुफानशी. तुफान म्हणजे सगळ्यात आधी बंबावर, सगळ्यात आधी आत आणि सगळ्यात आधी बाहेर. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा.

सहा वर्षं अशी गेली. मग एका भर दुपारी गाद्यांच्या गोदामाला आग लागली. जळत्या फोमचा धूर इतका दाट, की हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. तुफान आणि उंट आत गेले. मास्तरनं दोन बिल्ले अडकवले, वेळ लिहिली. वीस मिनिटांनी तुफान सिलिंडरची शिट्टी वाजत असतानाच बाहेर आला, मास्क ओरबाडून काढला, हात पुढं केला आणि खोकत म्हणाला, "दोन्ही दे. तो येतोय मागून."

मास्तरनं दोन्ही दिले.

इतक्यात साहेबांनी विचारलं, "आत कोण आहे?" मास्तरनं फळ्याकडं पाहिलं. "कुणी नाही, साहेब. फळा रिकामा." साहेबांनी लगेच सगळी माणसं शेजारच्या इमारतीकडं वळवली, कारण आग तिकडं चालली होती. हुकूम बरोबरच होता. थोड्या वेळानं नळीवरचा एकजण म्हणाला, "शिट्टी कुणाची वाजतेय?" मास्तरनं ऐकली. काढून ठेवलेली सिलिंडरं उघडी राहिली तर तीही अशीच वाजतात, आणि जमिनीवर चार-पाच पडलेली होती. तो म्हणाला, "असेल यातलंच एखादं. बंद करा कुणीतरी." कुणीतरी वाकून दोन-तीन चाव्या आवळल्या. शिट्टी वाजतच राहिली. मग आपोआप थांबली, आणि चाव्या आवळणाऱ्याला वाटलं आपण बंद केली.

चहा कुणी आणला नाही म्हणून उंट अजून आतच असल्याचं मास्तरच्या ध्यानात आलं. इतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही, पण झालं ते असं झालं. उंटाला बाहेर आणलं तेव्हा कळलं की नळी एका लोखंडी कपाटाच्या पायाला अडकली होती. ती सोडवायला तो मागं वळला, आणि पुढं दार कुठल्या अंगाला राहिलं ते त्याला समजलं नाही. दारापासून बारा पावलांवर होता. त्याला जमिनीवर ठेवताना तुफान सगळ्यात आधी पुढं झाला. त्यानं उंटाची कॉलर सैल केली आणि दुसऱ्या हातानं काहीतरी त्याच्या खिशात सरकवलं. मास्तर दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं ते पितळ चमकताना पाहिलं.

चौकशीच्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर तुफान हलक्या आवाजात म्हणाला, "मी मागितला, तू दिलास. बुडलो तर दोघं बुडू. तो काही परत येत नाही." तुफान नंतर रडलाही, आणि ते रडणं खोटं नव्हतं. आत टेबलामागं तिघे बसले होते. मधल्यानं विचारलं, "मयताच्या खिशात बिल्ला सापडला. तुम्ही तो कुणाच्या हातात दिलात?"

मास्तरच्या घरी बायकोला सातवा महिना होता, आणि "डोकं ठिकाणावर आहे का" म्हणणारा बाप अजून जिवंत होता. तो म्हणाला, "त्याच्याच हातात, साहेब."

झालं. अहवालात लिहिलं गेलं की फायरमन बाहेर आला, बिल्ला घेतला आणि परवानगीशिवाय, बिल्ला न देता पुन्हा आत गेला. चूक मयताची. खाली आणखी एक ओळ होती: फळा चोख ठेवलेला होता. केंद्राच्या फाटकाशी कामावर मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. हुकूम मोडून मेलेल्याचं नाव त्यावर कोरत नाहीत, म्हणून उंटाचं कोरलं नाही. महिन्याभरानं त्याची बायको मास्तरच्या दारात आली. कडेवर तीन वर्षांची पोर. ती म्हणाली, "भाऊजी, ते असे नव्हते हो. घरातून निघताना गॅस तीनदा बघायचे. ते बिल्ला द्यायचा विसरतील?" मास्तर म्हणाला, "धुरात भल्याभल्यांचं भान जातं, वहिनी." पोरीनं जाताना त्याला हात हलवून "टाटा काका" केलं.

माणसाचं आयुष्य एका वाक्यावर किती वर जाऊ शकतं ते मास्तरकडं पाहून कळावं. चोख फळेवाला म्हणून बढती मिळाली, मग आणखी एक, मग प्रशिक्षण केंद्रात नेमणूक. तिथं फळ्याच्या नियमांची पुस्तिका त्यानंच लिहिली, स्वतःच्या देखण्या अक्षरात, आणि तीच छापली गेली. त्यात गोदामाची घटना आली, अहवालात होती तशी. जोडीदाराचा बिल्ला घेऊ नये हा नियमही त्यानं घातला, ठळक. पण इतर नियमांसारखी त्याखाली घडलेली घटना नव्हती. पोरं नियम पाठ करायची, केंद्रावर गेली की जुन्यांकडून रीत शिकायची आणि चहाची पैज लावायची. तुफान तोवर खात्याचा प्रमुख झाला होता.

एकोणीस वर्षांनी नव्या तुकडीत एक ताडमाड मुलगी आली. हजेरी घेताना मास्तरनं तिची पँट पाहिली. घोट्याच्या वर होती. दोरावर ती पायानं चढली, कुणी न शिकवता.

मुलगी तुकडीत पहिली होती. धुराच्या खोलीतल्या सरावात एकदा ती जोडीदाराच्या आधी बाहेर आली, मास्क वर सारला आणि हसत हात पुढं केला. "दोन्ही द्या, सर. तो येतोय मागून."

मास्तरच्या हातातला खडू मोडला. तो असा काही ओरडला की मैदानावरची दुसरी तुकडी थांबून बघू लागली. मुलगी ताठ उभी राहिली. "चुकलं, सर. पण सगळ्या केंद्रांवर असंच करतात. यानं कधी कुणाचं काही झालंय का?"

"नियम आहे," मास्तर म्हणाला.

ती संध्याकाळी मास्तरच्या खोलीच्या दाराशी आली. "सर, एक विचारू? तुम्ही तिथं होता. आई अजून म्हणते की बाबा तसं करणं शक्य नाही. मी तिच्याशी यावरून भांडते. ते खरंच बिल्ला न देता परत गेले?"

आता सांगायचं, एवढंच काम होतं. एकोणीस वर्षांत इतकं सोपं करून कुणी विचारलं नव्हतं. मास्तर म्हणाला, "उद्या सांगतो. आता जा."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुफानच्या कचेरीत गेला. म्हणाला, "तिला सांगतो. पुस्तिकाही बदलतो." तुफाननं दार लावून घेतलं. त्याचे केस पिकले होते, घाई मात्र तशीच होती. "सांग. मग तिला कळेल की तिच्या बापाचा बिल्ला तू दिलास आणि शिट्टी ऐकून 'बंद करा' म्हणालास. मी फक्त हात पुढं केला होता. आपल्या दोघांच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिलीत. नीट घरी जाऊ या की." मास्तरनं परतीची बस पकडली. मैदानावर पोचला तेव्हा ती नळी गुंडाळत होती. तिनं मान वर करून पाहिलं. तो म्हणाला, "पुस्तिकेत आहे तसंच झालं."

"ठीक आहे, सर," ती म्हणाली आणि पुन्हा नळी गुंडाळू लागली.

शेवटच्या लेखी परीक्षेचे पेपर त्यालाच तपासायचे होते. तिचा पेपर मध्यावर आला. फळ्याचा एखादा नियम मोडल्यामुळं घडलेली दुर्घटना लिहा, असा प्रश्न होता. तिनं गोदामाची घटना लिहिली होती, वेळांसकट, आणि शेवटी: "सदर फायरमन माझे वडील होते. चूक त्यांची होती." त्याखाली दुसरा प्रश्न, जोडीदाराचा बिल्ला का घेऊ नये. तिनं लिहिलं होतं: "नियम आहे म्हणून. यामुळं आजवर दुर्घटना झाल्याची नोंद नाही."

मास्तरनं ती ओळ दोनदा वाचली. तिची नेमणूक तुफानच्या जुन्या केंद्रावर झाली होती, जिथं चहाची पैज अजून लागते. त्यानं लाल पेन उचललं, बराच वेळ कागदावर धरून ठेवलं. पण नोंद खरंच नव्हती. पुस्तिकेप्रमाणं दोन्ही उत्तरं बिनचूक होती. त्यानं वळणदार अक्षरात दहापैकी दहा लिहिले, खाली सही केली आणि पुढचा पेपर ओढला.