मेल्या म्हणणारी मावशी

आमच्या चाळीत पाळण्यातल्या बाळालासुद्धा पहिली हाक ऐकू यायची ती 'मेल्या' अशी. ती हाक मारणारी बाई आमच्या भिंतीपलीकडे राहायची. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल; उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आम्हा पोरांची ती मेलेमावशी. 'ये', 'बस', 'जेव' असे कोरडे शब्द तिच्या तोंडून निघतच नसत. 'ये मेल्या', 'बस मुडद्या', 'गिळ आधी, मग जा मसणात.' नवीन भाडेकरू हे ऐकून तणतणत भांडायला यायचे, आणि पुढे आपलंच पोर तिच्या हवाली करून कामाला जायचे.

तिच्या शिव्यांना प्रतवारी होती. उशिरा घरी येणारा तो मुडदा. ताप अंगावर काढणारा तो मेला. रूळ ओलांडून येणाऱ्याची मात्र सरळ तिरडीच बांधली जायची, आणि ती बांधताना मावशीचा आवाज खरोखर कापायचा. 'आळशी', 'लबाड', 'बावळट' हे शब्द तिला येत नव्हते असं नाही. ते तिनं घरमालकासाठी आणि नळावर मध्येच घुसणाऱ्या बायकांसाठी राखून ठेवले होते. कुणाचा दोष काढून बोलली, की समजावं हा माणूस तिचा नाही. आपल्या माणसाचा दोष तिनं कधी काढला नाही. त्याला ती नुसतं मारून टाकायची.

कुणी एखाद्या बाळाला 'किती गोड' म्हटलं, की तिचा चेहरा उतरे. "कसलं गोड? माकड आहे मेलं," असं मोठ्यानं म्हणून ती आधी दाराकडे बघायची.

समोरच्या सिंधी घरातली अम्मा आपल्या नातवाला 'मुआ' म्हणायची. मावशीनं एकदा माझ्या आईला विचारलं, "मुआ म्हंजे काय गं?" आई म्हणाली, "मेलेला." मावशी हातातलं काम टाकून उठली आणि अम्माच्या पायरीवर जाऊन बसली. "अम्मा, तुम्हारे पन गये क्या, छोटे-छोटे?" अम्मानं मान डोलावली. त्या दिवसापासून दोघी एकाच चादरीवर पापड वाळवू लागल्या.

मला कारण कळलं ते कॉलेजात गेल्यावर. पुस्तकं वाचून मला नुकतं शहाणपण आलं होतं. मी म्हटलं, "मावशी, अभद्र वाटत नाही का गं तुला, असं बोलायला?"

ती तांदूळ निवडत होती. "पहिल्या दोघांना मी राजा म्हणायची, सोन्या म्हणायची. कुणीतरी ऐकलं."

"कुणी?"

तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला. "तिसऱ्याला सुईणीच्या हातातच म्हटलं, मेलं आलंय. ऐकणाऱ्याला वाटलं, इथलं काम झालेलं आहे. तो पुढच्या दारी गेला."

मी हसले. मग लक्षात आलं, पुढचं दार म्हणजे आमचं. माझ्या जन्मापासून ती मला 'मेले' का म्हणत आली, ते मला विचारावं लागलं नाही.

तो तिसरा म्हणजे सुधीर. तो शिकला, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर झाला, बदलापूरला कात्रपमध्ये त्यानं फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. सून प्राची वाईट नव्हती. नातू अर्णव शाळेत जायला लागल्यावर एक दिवस तिनं एवढंच सांगितलं, "आई, तो वर्गात मुलांना मुडद्या म्हणतो. टीचरनी मला बोलावून घेतलं. त्याच्यासमोर हे शब्द नकोत."

मावशीनं ते शब्द गिळले. रोज सकाळी स्कूलव्हॅन यायची, पोरगं "बाय आजी" म्हणायचं आणि ही ओठ घट्ट मिटून गेटपाशी उभी. "तोंडात निखारा धरल्यासारखं व्हायचं गं," असं तिनं मला नंतर सांगितलं. शेवटी एकदा ती व्हॅनच्या मागे धावली आणि खिडकीत तोंड घालून जे म्हणायचं ते म्हणाली. व्हॅनमधली सगळी मुलं रडायला लागली.

सुधीर तिला पिशवीसकट चाळीत परत सोडायला आला. निघताना वाकला. मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "या हं. गाडी सावकाश चालवा. सुखी राहा."

माझी आई कणकेच्या हातानं दारात आली होती, तिथंच थबकली. गाडी गेल्यावर म्हणाली, "मावशी, असं काय बोललात हो त्याला?"

"त्यांना चांगलं बोललेलं आवडतं ना? घ्या म्हणावं." एवढं बोलून ती भिंतीला टेकली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पावसाळा सरताना अर्णवला डेंग्यू झाला. तिन्हीसांजेला मावशीचा मोबाइल वाजला. मीच स्पीकर लावून धरला.

"आई," प्राचीचा आवाज ओळखू येत नव्हता. "प्लेटलेट्स चढतच नाहीयेत. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र बघू."

"मी काय करू, सूनबाई?"

"त्याला बोला ना. तुमचं ते. मी फोन कानाशी धरते त्याच्या."

मावशी उठली. आधी तिनं दार सताड उघडलं. ऐकणाऱ्याला ऐकू जायला हवं होतं.

"ए मेल्या! मुडद्या! लोळतोस काय? ऊठ, नाहीतर तिरडी बांधते तुझी!" चाळीच्या टोकापर्यंत आवाज गेला. समोरून काठी टेकत अम्मा बाहेर आली. काही न विचारता तिनंही सूर लावला, "ए मुआ! उठ!" दोन म्हाताऱ्या अंधारत्या गल्लीकडे तोंड करून एका मुलाला मारत होत्या.

मग फोनमधून बारीक आवाज आला, "आजी, चिल्लाव मत ना. कान दुखतोय."

पोरगं वाचलं. सलाइननं, डॉक्टरांनी वाचवलं. मी ग्रंथपाल आहे, मला एवढं कळतं. सुधीर आणि प्राची दोघं तिला न्यायला आली. मावशीनं सुधीरच्या पाठीत धपाटा घातला, "मेल्या, वाळलास किती!" म्हणाली, पण गेली नाही. ती मला हळूच म्हणाली, "इथलं दार उघडं बघितलंय त्या ऐकणाऱ्यानं. आता मी तिकडे गेले, तर माग काढत तिकडेच येईल."

थंडीत ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या भेटीत तिला ताप होता, नजर ठरत नव्हती. मी निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला. "नीट जा गं, बाळ. सुखी राहा."

मी दारात थांबले. पुढचा शब्द येईल म्हणून उभी राहिले. तिचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता मला सगळे 'मॅडम' म्हणतात, नाहीतर सरळ नावानं बोलावतात. नाव असं उघड्यावर उच्चारलं गेलं, की मी अजून दाराकडे बघते. अंबरनाथला स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना मनातल्या मनात म्हणते, बघ की मेले, रिक्षा येतेय. आपलं आपणच म्हटलेलं चालतं का, हे तिला विचारायचं राहून गेलं.