हौसाची मान

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि नवरा म्हातारा होऊन गेला. पोरांना सांगायचा प्रश्नच नव्हता. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी नाही — आणि कोणी नसलेल्या माणसापुढे जीभ कमी अडते. मध्येच थांबले तर थांबू द्या. रडणार मात्र नाही. ते मला कधी जमलं नाही.

आधी एक ऐकून घ्या. मी कामाला चोख होते. शाळा चौथीपर्यंतच, पण सकाळी घोड्याचे कान बघून त्याचा दिवस कसा जाणार ते मी सांगायचे, आणि चुकायचे नाही. पुरुषही मला विचारून खोगीर चढवायचे. ही बढाई नाही, आणि असली तरी असू द्या.

भोरला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. उत्रोलीच्या खालच्या अंगाला, भातखाचरं संपून नदीकाठ लागतो तिथं आमची पागा होती. माझे सासरे चाबूकस्वार. म्हणजे ज्याच्या पाठीवर कधी कुणी बसलं नाही असं घोडं लोक आणून सोडायचे, आणि सासरे त्याला माणूस वागवायला शिकवायचे. मी घरची थोरली सून. लीद काढणं, खरारा करणं, हरभरा भिजवून चंदी करणं, हे बायकांचं काम. पण पुरुष बाजाराला गेले की मी घोडं काव्यावरही धरायचे. कावा म्हणजे लांब दोर हातात घेऊन घोडं आपल्याभोवती गोल फिरवायचं. ते पळतं, आपण मधे उभं. फिरून फिरून शेवटी ते आपण होऊन जवळ येतं. मीही आत्ता तेच करते आहे, नाही का? कळतंय मला. कावा शब्दाचा दुसरा अर्थही मला कळतो.

घोड्याच्या धंद्यात भोवऱ्याला फार मोल. अंगावरचे केस जिथं गोल वळतात तो भोवरा. गळ्याखाली असला तर देवमण, शुभ. पण मानेवर, आयाळीखाली असला, तर ती सापीण. तसलं जनावर मामंजी दारात उभं करत नसत. "धन्याला खातंया," म्हणायचे. आणि जे घोडीला तेच बाईला. आमच्या घरात सुनेची पारखही तशीच व्हायची. दात तेवढे बघत नव्हते.

माझ्या मानेवर सापीण आहे.

अंबाड्याच्या खाली, मधोमध. जन्मापासूनची. माझी पारख झाली तेव्हा आईनं अंबाडा मानेवर उतरता घालून ती झाकली होती. हळदीच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली, "केस कुणाच्या हातात देऊ नगंस." मी दिले नाहीत. वेणी माझी मी, न्हाणं माझं मी. डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. थोरली सून मोठी मर्यादेची, असं गावात म्हणायचे. मर्यादा कसली?

पण हे मी केलेलं नाही. हे अंगावर होतं. केलेलं पुढे आहे.

धाकट्या दिराचं, सोपानभावजींचं लग्न झालं आणि हौसा घरात आली. विंझरची. भात लावणारं माणूस, घोड्याच्या मागून जायचं नसतं एवढंही तिला ठाऊक नव्हतं. आल्या आल्याच एका घोड्याची लाथ खाताखाता वाचली, आणि भ्यायची सोडून हसत सुटली. "जाऊबाई, आमच्या बैलास्नी मागनं जावा न्हाईतर पुढनं, त्यांची काय तक्रार नसती!" मला ती आवडली. जावेचा हेवा होता, असं म्हणता आलं असतं तर हे सांगणं सोपं होतं. हेवा नव्हता.

एका दुपारी मी ओट्यावर हरभरा निवडत बसले होते. घरात चिटपाखरू नाही म्हणून पदर खांद्यावर घेतला होता. ती मागून आली. "अगं बया! जाऊबाई, तुमच्या मानंवर केवढा गोल भोवरा! बोट ठिवलं तर गरागरा फिरंल." आणि खरंच बोट टेकवून फिरवलं.

मी हसले. दुसरं काय करणार? तिला भोवरा दिसला होता, शब्द माहीत नव्हता. पण घोडेवाल्याच्या घरात तो शब्द किती दिवस माहीत नसणार? आज ना उद्या मामंजी एखाद्या घोडीला सापीण म्हणून परत पाठवणार, आणि ही भाबडी चारचौघांत म्हणणार — अगंबाई, अशी तर जाऊबाईंना हाय!

त्या काळात मामंजींच्या हाताखाली साळू नावाची घोडी होती. पांढरी, लांब मानेची. ती वाड्यावर दाखवायची ठरली होती. मामंजी म्हणायचे, माझ्या हातातनं असं जनावर पुन्हा घडायचं नाही. साळूची चंदी माझ्याकडे. हरभरा भिजलेलाच घालायचा असतो, कोरडा पोटात फुगतो. हे आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा सांगेल. त्या दिवशी मी भिजत घालायला विसरले. डोक्यात तो भोवरा फिरत होता — नाही, ही सबब झाली. विसरले. आणि विसरले असं सांगायची लाज वाटली, म्हणून कोरडाच तोबऱ्यात भरून तिच्या तोंडाला बांधला. वर पाणी दाखवलं.

दुपारी साळू मान वळवून पोटाकडे बघायला लागली. मग लोळायला लागली. मामंजींनी आणि भावजींनी तिला उठवून उठवून चालवली. हौसा तिचं पोट चोळत होती. दिवे लागायच्या आत घोडी गेली.

मामंजी तिच्या डोक्याशीच बसले होते. त्यांनी मला विचारलं, "थोरले, चंदी भिजली व्हती का?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्या कामावर त्यांचा एवढा विश्वास होता. "मग घरात कायतरी शिरलंया," ते म्हणाले.

तिथं गप्प बसले असते तरी चाललं असतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण मी बोलले. सगळ्यांसमोर, सासूबाईंकडे तोंड करून बोलले — "आत्याबाई, हौसाच्या मानंवर सापीण हाय. येणी घालताना म्या बघितली."

सासूबाईंचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले. त्यांनी नुसती चाचपली आणि हात मागे घेतला. मग सोपानभावजींनी तिला कंदिलापाशी नेलं, केस वर उचलले, बघितलं. तिथं काय होतं? केस होते, कुणाच्याही मानेवर असतात तसे. पण गिऱ्हाइकाला एकदा खोड सांगितली की त्याला ती दिसायला लागते. हे मी पागेत किती वेळा बघितलं होतं. भावजींनाही दिसली.

हौसा माझ्याकडे बघत होती. शब्द तिला आता कळला होता. तिनं नुसतं बोट दाखवायचं होतं — माझ्या मानेकडे. मी वाट बघत उभी राहिले. तिनं बोट दाखवलं नाही. का नाही, ते मला माहीत नाही, आणि तिच्या वतीनं मी काही सांगणार नाही.

दोन दिवसांनी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. तिचं गाठोडं मीच उचलून गाडीत ठेवलं. वाकले, तसा पदर मानेवरून सरला असणार. हौसा गाडीत बसली होती. तिनं हात लांब करून माझा पदर वर ओढला, नीट मानेवर बसवला, आणि हळूच म्हणाली, "सांभाळा, जाऊबाई. मान उघडी पडलीया."

गाडी नसरापूरच्या वाटेला लागली. ती परत आली नाही. भावजींचं दुसरं लग्न लागलं. अक्षता मीही टाकल्या. हौसा विंझरला भावाच्या घरी भात लावत म्हातारी झाली. लोक तिला शुभकार्याला बोलवत नसत, असं ऐकलं. तेही ऐकून मी गप्प बसले. त्या वाटेनं मी कितीदा गेले, एकदाही उतरले नाही. माझा नवरा लेकी-सुना, नातवंडं बघून, खाऊनपिऊन गेला. मामंजी मात्र साळूनंतर मोठ्या घोडीला हात लावेनात.

आता माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. नातसून माझे केस विंचरते. भोवरा तिला दिसत असणार. तिला त्याचं काही नाही.

साळूला कोरडा हरभरा मी घातला. हौसाची मान कोरी होती.