रिकामा आलेला हूक

माझी थोरली नणंद विंच, म्हणजे तारेने जड ओझी खाली-वर करायचं यंत्र, चालवते. लोकांच्या नणंदा माहेरी येऊन वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आमच्या वन्सं येतात त्या दारांची मापं घेत. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा त्यांनी आधी तेवढंच रिकामं खोकं जिन्यावरून वर न्यायला लावलं. ते वळणावर अडकलं. मी पोट धरून हसले, पण फ्रिज मागच्या दाराने आला आणि त्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

ही खोड त्यांना कामावरून लागलेली. गावाबाहेरच्या माळावर जमिनीत एक भोक पाडलंय. रुंदीला परातीएवढं, पण विहिरी-बोअरचं पाणी संपतं त्याच्याही कितीतरी खाली, कठीण खडकात उतरलेलं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन पोलादी डब्यात बंद करायचं, तारेने तळाशी सोडायचं आणि वर चिकणमाती, सिमेंट भरून ते भोक कायमचं बुजवायचं. खरा डबा सोडण्याआधी त्याच मापाचा, त्याच वजनाचा खोटा डबा सोडून बघतात. तो नीट जाऊन आला की मग खरा.

आणि या सगळ्याची वाट आमच्या घरात कुणी पाहत असेल, तर माझे सासरे. अणुभट्टीतून काढलेलं इंधन थंड राहावं म्हणून पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. त्या टाकीची राखण त्यांच्याकडे होती. थोड्या वर्षांची सोय आहे, असं सांगून त्यांना नेमलं होतं. केस गेले, दात गेले, नोकरीही संपली. इंधन आपलं तिथेच. पाण्याची पातळी उतरू द्यायची नाही, एवढंच काम, पण ते त्यांनी घरीही आणलं. नळ ठिबकला की उठून बसायचे. दुपारची झोप तर त्यांना ठाऊकच नव्हती. आता हृदयाने दगा दिला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि म्हाताऱ्याचं मागणं एकच: आपल्या टाकीतला एक तरी डबा जमिनीत गेलेला बघायचा. कामावरून येताना वन्सं डोकावल्या की ते रोज विचारायचे, "झालं का?"

पहिला डबा सोडायचा दिवस उजाडला. तंबू, खुर्च्या, मोठे पाहुणे. सासरे चाकाच्या खुर्चीत, मागे मी. डबा खाली निघाला. बऱ्याच वेळाने तारेवरचं वजन दाखवणारा काटा जरासा खाली आला, म्हणजे डबा मधेच कुठेतरी टेकत होता. एवढंतेवढं होतंच, थोडं सोडून बघा, असं तिथले मोठे साहेब म्हणाले. वन्संनी विंच थांबवली आणि डबा वर घ्यायला सुरुवात केली.

"चूक माझी आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "खोटा डबा मागच्या महिन्यात सोडला होता. पाहुण्यांची तारीख पुढे गेली, तेव्हा तो पुन्हा सोडायला हवा होता. मीच म्हटलं, चालेल."

माझं डोकंच फिरलं. आता पुन्हा किती महिने जाणार, तुमच्या वडिलांकडे तेवढे दिवस आहेत का, असं मी तिथल्या तिथे विचारलं. सासऱ्यांनी माझी बाही ओढली.

"अगं, मधेच अडकला असता, तर त्याची राखण कुणाच्या गळ्यात पडली असती? तुमच्या पोरांच्या. मी थांबतो."

कॅमेरा खाली सोडला तर पाइपाच्या एका सांध्याला आतून पोचा आलेला. दुरुस्तीत अख्खी थंडी गेली. औषध म्हटलं की तोंड फिरवणारे सासरे त्या थंडीत गोळ्या मागून घेऊ लागले. रोज सकाळी त्यांचा खोकला ऐकू आला की मला हायसं वाटायचं.

मग एकदा खोटा डबा गेला आणि आला. लगेच दुसऱ्या दिवशी खरा. या वेळी पाहुण्यांना बोलावलंच नव्हतं. डबा हळूहळू उतरला, तळाला टेकला, तारेच्या हुकातून सुटला, आणि तार गुंडाळत गुंडाळत नुसता हूक वर आला. हुकाची किरणोत्सर्गासाठी तपासणी झाल्यावर वन्संनी बाबांची खुर्ची जवळ नेली. सासऱ्यांनी त्या रिकाम्या हुकावरून हात फिरवला.

"झालं?"

"झालं, बाबा."

घरी येताना गाडीत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी घाबरून वळून पाहिलं, तर स्वारी घोरत होती. भरदुपारी, तोंड उघडं टाकून. घर आलं तरी आम्ही दोघी उतरलो नाही. वन्संनी शेजाऱ्याला खुणेनेच हॉर्न वाजवू नका म्हणून सांगितलं. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मी वन्संचा हात हातात घेतला आणि म्हटलं, त्या दिवशी तुम्ही डबा थांबवलात, फार उपकार झाले.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "उठतील."