खोकल्यानंतरचा धडा

नकाशाबाईंचा आवाज म्हणजे शाळेची दुसरी घंटाच. सव्वीस वर्षं त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांशी आणि मागच्या बाकांशी भांडत भूगोल शिकवला. मग एके दिवशी गळ्यानं संप पुकारला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढायची आणि नंतर तीन महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

मुख्याध्यापकांनी मान हलवून हळहळ व्यक्त केली. "बाई, तुम्ही आपल्या ग्रंथालयात बसा. वर्गाचं पुढच्या वर्षी बघू."

ग्रंथालयात बसवलेलं माणूस वर्गात परतलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकांसारखीच त्या माणसांवरही धूळ बसे. "मी धडे आधीच रेकॉर्ड करून ठेवते," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "वर्गात उभी मीच राहीन. महिनाभरानं येऊन बघा. मुलांना काही येत नसेल, तर गुपचूप जाते ग्रंथालयात."

शस्त्रक्रियेला आठ दिवस होते. घरात शांत जागा एकच, कपड्यांचं कपाट. बाई स्टूल घेऊन रजया आणि कोटांच्या मध्ये शिरल्या, दार ओढून घेतलं आणि त्या काळोखात मोबाइलसमोर पृथ्वीवरचे सगळे वारे वाहवले.

कपाटाबाहेर मात्र नवरा होता. निवृत्त, रिकामा आणि दर तासाला काहीतरी हरवणारा. वाऱ्यांचा धडा ऐन रंगात आला असताना तो ओरडला, "अगं, माझा चष्मा कुठेय?"

"डोक्यावर!" बाई आतूनच गरजल्या.

मग त्याचा लांबलचक खोकला. मग, "अरेच्चा, खरंच की!"

धडा पहिल्यापासून पुन्हा म्हणण्याचं त्राण गळ्यात उरलं नव्हतं. बाईंनी तो तसाच राहू दिला.

गाठ निघाली. बाई वर्गात उभ्या राहू लागल्या, हातात छडी, टेबलावर स्पीकर. आवाज तिकडून येई, डोळे इकडून वटारले जात. मुलं कधी नव्हे ती चिडीचूप. वाऱ्यांचा धडा संपला, की हमखास कोणीतरी म्हणे, "बाई, परत लावा ना, नीट कळला नाही." बाईंना आधी कौतुक वाटलं. पाचव्या वेळी त्यांनी नीट पाहिलं. चष्म्याची जागा जवळ आली, की चाळीस ओठ हसू दाबत होते.

मुख्याध्यापक दुसऱ्याच दिवशी येणार होते. संध्याकाळी बाईंनी पुतणीला बोलावून नवऱ्याला धड्यातून साफ कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर येऊन बसले. धडा कसा अगदी धुतल्या तांदळासारखा चालला होता. चष्म्याची जागा आली आणि गेली. वर्गभर चुळबुळ झाली. जेवताना घास हातातून हिसकावून घ्यावा, तशी तोंडं झाली पोरांची. मग तिसऱ्या बाकावरची एक चिमुरडी न राहवून ओरडली, "अगं, माझा चष्मा कुठेय?"

"डोक्यावर!" सगळा वर्ग गरजला.

मुख्याध्यापकांचा हात आपोआप डोक्यावर गेला. चष्मा तिथंच होता.

बाईंनी धडा थांबवला. आता संपलंच. त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रंथालयातली खुर्ची आली, तिचा डुगडुगणारा पाय सुद्धा.

"कोण बोललं? उभी राहा," लालबुंद झालेले मुख्याध्यापक म्हणाले. "एवढा दंगा करतेस, सांग, वारा कुठून कुठे वाहतो?"

"जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, सर. चष्म्याच्या आधी आहे ते."

"आणि तो सरळ का जात नाही?"

"पृथ्वी फिरते म्हणून वळतो. ते खोकल्यानंतर."

"कोणाच्या खोकल्यानंतर?"

"काकांच्या! पण आज बाईंनी काकांना कापलं, सर."

त्यांनी आणखी सहा जणांना उठवलं. एकही अडला नाही. शेवटी त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून नाकावर ठेवला आणि दाराशी जाऊन वळले. "बाई, वर्ग तुमचाच. फक्त त्या काकांना परत जोडून घ्या."

घरी नवरा दारातच उभा. "काय झालं गं? राहिला का वर्ग?"

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'राहिला. तुमच्यामुळे.'

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं, डॉक्टरांची आज्ञा आहे म्हणून खुणावलं आणि पाटी पुसून टाकली.