आईने पाणी भरलं तो बुधवार

या सदरातले अनुभव मी फक्त हसायला वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. पांढरी साडी, पैंजण, सुनसान रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई... अरे, कधीतरी दुसरं काही दिसू द्या की तुम्हाला! मी पाण्याचा इंजिनिअर. राहतो अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात, समुद्रसपाटीच्या खाली, आणि पंप चालू आहेत तोवर शांत झोपतो. माझा विश्वास पंपावर. आता हसायची पाळी तुमची, हसा.

आखातात एक चिमुकला देश आहे. नाव सांगत नाही, कारण माझी ताई, शुभांगी, अजून तिथेच आहे आणि त्या लोकांना थट्टा सोसत नाही. जमिनीखाली तेलच तेल. जमिनीवर नदी नाही, विहीर नाही. समुद्राचं पाणी आत ओढायचं, त्यातलं मीठ काढायचं आणि तेच प्यायचं. वीजही तोच कारखाना बनवतो. म्हणजे अख्ख्या देशाचा जीव किनाऱ्यावरच्या एका पाइपात.

आमच्या कंपनीला सल्ला द्यायला बोलावलं होतं, म्हणून हे वैभव मी जवळून पाहिलं. मंत्रालयात सोनेरी काठाचे कप, खजूर, आणि भिंतभर स्क्रीनवर ‘राष्ट्रीय सुरक्षा’. विमानं आहेत – उडवणारे बाहेरचे. क्षेपणास्त्रं आहेत – दुरुस्त करणारे बाहेरचे. रडार तर असं की म्हणे कबुतर शिंकलं तरी कळतं. मी विचारलं, “आणि पाइपाच्या तोंडाशी तेलाचा तवंग आला तर?” साहेब गालातल्या गालात हसले. “माय फ्रेंड, ऑइल इज अवर ब्लेसिंग.” माझा डच बॉसही हसला, कारण त्याला पुढचं काम हवं होतं. टाक्या वाढवा, पाइपापुढे अडसर घाला, असं मी लिहून दिलं. त्यांनी काय केलं? कारखान्याशेजारी क्षेपणास्त्रांची आणखी एक रांग उभी केली. धन्य!

घरी आल्याआल्या ताईला फोन लावला. “गाशा गुंडाळ आणि नाशिकला जा.”

“ह्यांना कशी हलवू रे?” ती म्हणाली. भाऊजींच्या कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, पलंगावरून उठता येत नव्हतं, आणि फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. “आणि तू किती घाबरवतोस! इथे नळाला चोवीस तास पाणी असतं. आपल्याकडे होतं का कधी?”

“निदान घरात भरून तरी ठेव.”

“बादल्या मांडून बसू? संगमरवरी बाथरूममध्ये?” ती खो-खो हसली. त्या देशाची हवा लागली की माणसं अशी होतात, दुसरं काय.

आता आईबद्दल. गेल्या वर्षी तिला स्ट्रोक आला आणि वाचा गेली. चालते, जेवते, भाजी निवडते, पण तोंडातून शब्द नाही. नाशिकला तिच्याजवळ बाई ठेवलीय. यंदाच्या उन्हाळ्यात, ताईला केलेल्या त्या फोनच्या आधीच, व्हिसा काढून तिला आमच्याकडे आणली. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, तपासून सांगितलं – आराम करा. सर्दीलाही हेच सांगतात, वाचा गेली तरी हेच. मी रोज तिच्यासमोर बसून म्हणायचो, “आई, म्हण – सुधीर.” ती माझ्याकडे नुसती बघायची.

तर तो बुधवार. बुधवारी इथली मुलं शाळेतून लवकर सुटतात, त्यामुळे घरी आई आणि माझी लेक इरा, दोघीच. दुपारी ऑफिसमध्ये इराचा फोन आला. “बाबा, आजी इज बीइंग वीअर्ड. शी इज फिलिंग एव्हरीथिंग.”

घरी येऊन बघतो तर काय... कुकर, पातेली, डबे, बादल्या, फुलदाणी, अगदी माझी सायकलवरची बाटलीसुद्धा! ओट्यावर, जिन्यावर, सोफ्याखाली, सगळीकडे पाणी. वर ताटल्या झाकलेल्या. नाशिकला नळ जाणार म्हटलं की आई असंच भरायची. पण या देशात, जिथे पाणी बाहेर काढून काढून लोक दमतात? आई खुर्चीत बसली होती, पदर ओलाचिंब. “हे काय गं?” माझं डोकंच फिरलं. मी एकेक पातेलं सिंकमध्ये ओतायला लागलो. ती उठली, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि पुन्हा नळाखाली धरलं.

संध्याकाळी बातमी आली. त्यांच्याच टँकर भरायच्या धक्क्यावरून तेल गळलं, तवंग पाइपापर्यंत पोचला, कारखाना बंद. पाणी गेलं, वीज गेली, लिफ्ट, एसी, मोबाइल – सगळं ठप्प. क्षेपणास्त्रं मात्र ऐटीत आकाशाकडे तोंड करून उभी! ताईचा फोन लागेना. बाहेर भट्टी, खिडक्या न उघडणाऱ्या काचेच्या, आत पलंगाला खिळलेले भाऊजी. रात्रंदिवस फोन लावत होतो.

शेवटी एकदाचा ताईचाच फोन आला. “आम्ही आहोत रे. ह्यांना ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं, पाजत राहिले. शेजारचे आजोबा मात्र...” आणि ती रडायला लागली.

“पाणी कुठून आणलंस?”

“घरातच होतं. टब, बादल्या, पातेली, सगळं भरलेलं.”

“तू तर हसली होतीस! भरलंस कधी?”

“बुधवारी दुपारी आईचा फोन आला ना. घरच्या फोनवर. ‘शुभे, आधी पाणी भर, मग बोल.’ लहानपणी ओरडायची ना, अगदी तस्संच. आणि काय रे, आई बोलायला लागली आणि तू मला सांगितलंही नाहीस?”

मी खुर्चीत बसलो. आईकडे मोबाइल नाही. आमच्या घरी लँडलाइन नाही. माझा फोन ऑफिसात माझ्या खिशात, बायकोचा तिच्याकडे, इराचा इराच्या हातात. तिन्ही फोनांत पाहिलं, तिकडे फोन गेलेलाच नाही. इराला खोदून खोदून विचारलं. ती वैतागली. “बाबा, शी डिडन्ट टॉक. आय वॉज विथ हर!”

मी ताईला भरून ठेव म्हणत होतो तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिच्या डोक्यात ते राहिलं असेल, इथवर मान्य. त्याच दुपारी का आठवलं? योगायोग, चला, तेही मान्य. पण ताईशी बोललं कोण? कुणाकडे शहाणपणाचं उत्तर असेल तर कळवा. पैंजणवाल्यांनी तसदी घेऊ नये.

आता ताई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. “आई, बोल ना गं, त्या दिवशी बोललीस तशी.” आई स्क्रीनकडे बघून हसते फक्त. आणि मला, लाज वाटते सांगायला, पण राग येतो. वाळवंटातल्या लेकीला हाक मारलीस, आणि मी इथे रोज समोर बसतोय त्याचं काय?

पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं तिकीट आहे. काल पुन्हा म्हणालो, “आई, एकदाच. म्हण – सुधीर.” ती उठली, स्वयंपाकघरात गेली, एक तांब्या भरून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर फुलपात्र झाकलं.

तो मी अजून रिकामा केलेला नाही.