एकाच अंगाचं माप

बाईंनी माझा कागद दोन बोटांनी वर धरला. अख्ख्या वर्गाला दाखवला. मग टेबलावर ठेवून त्याच्यावर लाल पेन्सिलीची रेघ ओढली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"एका अंगाचं माप घेऊन कधी खाका होतो का? चुलीत घाल हा."

वर्ग हसला. सगळ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "घरी चूल पेटत असन तर." मग अजून हसला.

मालेगावचा शिवणवर्ग होता तो. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. मी दोन कोसावरच्या खेड्यातून पायी यायची. वर्ग सर्वांसाठी खुला, अशी पाटी होती दारावर, आणि खोटं कशाला बोलू, दार कोणी लावलं नाही माझ्या तोंडावर. फक्त मी सतरंजीवर बसले की माझ्या दोन्ही बाजूंनी जागा रिकामी व्हायची. बौद्ध वस्तीतून येणारी मी एकटीच.

खाका म्हणजे काय ते आधी सांगते. पोलक्याचे भाग मापानं कागदावर आखायचे आणि त्यावरून कापड कापायचं. वर्गात भिंतीला एक मोठा खिळा होता. जिला नवा खाका जमला तिनं तो खिळ्याला लावायचा. लावला की तो सर्वांचा. कोणीही काढावा, वापरावा, चुकलं दिसलं तर कोपऱ्यात दुरुस्ती लिहावी. पण शिवून पाहिल्याशिवाय कोणाच्या खाक्याला नाव ठेवायचं नाही, हा नियम बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलेला. मले इतकं आवडलं होतं ते. घरी येऊन मायला सांगितलं, माय वो, तिथं कागद सर्वांचा असते.

आणि माझा कागद निघाला तो मायच्याच पोलक्यातून. दुष्काळात माय खडी फोडायला जायची. हातोडा वर उचलला की पोलकं काखेत फाटायचं. शिवलं की पुन्हा फाटायचं. सगळ्याच बायांचं तसं. एका हातानं पदर सावरायचा, एका हातानं हातोडा, आणि मुकादम नेमका तिकडंच पाहायचा. वर्गातला खाका हात खाली ठेवून बसणाऱ्या बाईचा होता. मी काखेत चौकोनी तुकडा तिरपा बसवला, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, जरा वर घेतला. पंधरा दिवस गेले त्यात. मायनं ते पोलकं घालून हात वर केला. फाटलं नाही. मग उगाच दहादा हात वर-खाली करत बसली, लहान पोरीसारखी.

त्या कागदावर ती लाल रेघ.

आता खरी गोष्ट सांगते, तीच जास्त टोचली. बाई चूक बोलल्या नव्हत्या. खाका पाच-सहा अंगांवर पाहावा लागतो. वर्गातल्या बाया एकमेकींची मापं घ्यायच्या, टेप गळ्यात, गुदगुल्या, खिदळणं. मी त्यातल्या एकीजवळ गेले होते टेप घेऊन. दुकानदाराची सून, स्वभावानं गरीब. तिनं टेप माझ्या हातातून घेतला, स्वतःचं माप स्वतःच घेतलं आणि आकडा सांगितला. हसतच. त्या आकड्यावर मी तिला पोलकं शिवून दिलं. "उद्या घालून पायतो," म्हणाली. महिना झाला, ते तिच्या पिशवीत घडीचं घडीच.

पण त्या दिवशी रस्त्यानं हे काही सुचलं नाही मला. दोन कोस चालले तर डोक्यात एकच, आपणच कच्च्या. उद्यापासून जायचं नाही. सोबतीला कोणी नव्हतं, बोलायला कोणी नव्हतं, पायातली चप्पल तेवढी वाजत होती.

माय भाकरी थापत होती. काय म्हन्ली बाई, असं विचारलं तिनं. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"मंग तुले दुसरं आंग देल्लं काय कोनं?"

बस. एवढंच. पुन्हा थापायला लागली.

मायले अक्षर येत नव्हतं. पण चूक कुठं आहे ते तिनं एका वाक्यात दाखवलं. चूक कागदात होतीच. ती तिथं कोणी ठेवली, हे मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले. सोबत नेलेली लाल रेघवाल्या कागदाची घडी उलगडली आणि उभी राहिले.

"बाई, दुसरं अंग मले कोनी देलं इथं? अन् हे शिवून कोनी पाह्यलं?"

कोणी हसलं नाही. दुकानदाराच्या सुनेनं पिशवी मांडीखाली सरकवली. बाई म्हणाल्या, इथे शिवण शिकवतात, असले विषय काढायचे नाहीत.

मी कागद खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी तो खाली पडलेला. पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी नव्हताच.

वर्ग सोडला नाही मी. शेवटपर्यंत बसले, त्याच रिकाम्या सतरंजीवर. इकडं वस्तीतल्या नऊ बायांची मापं घेतली. जाड, बारीक, गरोदर, एक तर कुबड असलेली म्हातारी. मुंढा अर्धा इंच चुकलेला निघाला. दुरुस्त केला. नवा कागद आखला आणि आमच्या दाराला खिळा ठोकून तिथं लावला. ज्याले पाहिजे त्यानं न्यावा.

माझ्या कामात चूक दाखवा. मान खाली घालून उसवीन आणि पुन्हा शिवीन. आजवर तेच करत आले. पण मले अंगाला हात लावू न देता माझं माप चुकलं म्हणणारा कोणीही असो, त्याचं एक अक्षर मी घेत नाही. आधी पोलकं अंगात घाल. हात वर कर. मग बोल.