डेबियन बिनविरोध

चोरीच्या विंडोजवर बसून भ्रष्टाचाराविरुद्ध पत्रक काढणारी मी एकटीच नसेन, पण पकडली गेलेली बहुधा एकटीच. पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं रोज उमटायचं आणि मी त्याच्या शेजारीच 'जनतेची फसवणूक थांबवा' टाइप करायची. तुमसरला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माझ्या चुलतभावाने ते पाहिलं.

"ताई, चोरीच्या मालावर बसून दुसऱ्याले चोर म्हणून राहिली का वो तू?"

लागलं. त्याच दिवशी ठरलं, विंडोज काढून लिनक्स टाकायचं. फुकट, कायदेशीर, कोणाच्या बापाचं नाही.

आमची वाचनालय कृती समिती तिघांची: मी, हा भाऊ आणि निवृत्त गुरुजी. मागणी एकच. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयासाठी बांधलेली खोली ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांना दिलेली आहे, ती माणसांना द्या! तोवर गुरुजींनी दान केलेला, कुबडवाल्या मॉनिटरचा कॉम्प्युटर आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, धानाच्या पोत्यांना टेकून बसला होता. ग्रामसभा आठवड्यावर आली होती. त्याआधी पत्रक परत एकदा घरोघर गेलं नाही, तर खोलीचा विषय पुन्हा 'वेळेअभावी' राहणार हे नक्की.

कोणतं लिनक्स, यावर रीतसर बैठक घेतली. मी डेबियन म्हटलं, कारण त्यांचा चक्क जाहीरनामा आहे, लेखी. आणखी काय पाहिजे? भाऊ मिंटवर अडला. "विंडोजसारखं दिसते. गुरुजीले सोपं जाईल." गुरुजींनी चष्मा वर करून दोन्हींची चित्रं पाहिली, मिंटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिरवं बरं वाटते."

दोन विरुद्ध एक. जाहीरनामा हरला, रंग जिंकला. आपल्याकडच्या निवडणुकांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथे म्हणत नाही.

भावाने मिंटचा पेनड्राइव्ह करून लावला. काळ्या पडद्यावर उत्तर आलं: हा प्रोसेसर चौसष्ट बिटचा नाही, चालणार नाही. डेबियन मात्र बत्तीस बिटमध्येही मिळत होतं. म्हणजे एकच अर्ज वैध. डेबियन बिनविरोध!

पत्रकाची फाइल मी आधीच वेगळी काढून ठेवली होती, इतकी अडाणी मी नाही. मग 'संपूर्ण डिस्क वापरा' निवडलं आणि घोषणा द्यावी तसं एंटर हाणलं. मध्ये दोनदा लाइन गेली, दोनदा पहिल्यापासून. संध्याकाळी स्वच्छ निळा पडदा उजळला. अस्सल-नकलीची भानगड नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पत्रक उघडलं.

एक अक्षर मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, पाउंडाच्या खुणा. पत्रक जुन्या मराठी फॉन्टात होतं आणि तो फॉन्ट होता फक्त मी पुसलेल्या डिस्कवर. भावाने नेटवरून दुसरा आणला, तर 'ग्रामसभे'च्या जागी असं काही उमटलं की गुरुजींनी माझ्या आईला चहा करायला आत पाठवलं.

पुन्हा लिहावं तर ठरावाचा क्रमांक, अर्जांच्या तारखा, सगळं त्या फाइलीतच. आधीच्या छापील प्रती आम्ही तत्त्व म्हणून एकही मागे न ठेवता वाटल्या होत्या. त्यांचं काय झालं ते करडी गावच्या बाजारात भज्यांच्या दुकानावर विचारा. प्रत नक्की शाबूत एकाच ठिकाणी होती. ज्याच्याविरुद्ध लिहिली, त्या ग्रामसेवकाकडे.

गेले. दुसरं काय करणार?

त्याने फाइल काढली, धूळ झटकली. "कार्यालयीन कागद आहे, नेऊ नाही देत. मी वाचतो, तू लिव."

मी वही उघडली. तो कार्यालयीन आवाजात सुरू झाला. "'निगरगट्ट ग्रामसेवक...' हा मी का?"

"हो साहेब."

"बरं. लिवलं का? निगरगट्ट. पुढं. 'ज्याच्या कानावरची माशी हलत नाही...'" त्याने नकळत कानाला हात लावला. मी खाली मान घालून लिहीत राहिले. आयुष्यात इतक्या नम्रपणे मी कोणाची निंदा केलेली नाही.

पुढच्या ओळीवर तो थांबला. "ही खोली वाचनालयाची आहे? मले त इथं आल्यावर सांगितलं का गोदाम आहे."

"साहेब, तीनदा पत्रक दिलं तुम्हाला!"

"पत्रक कोण वाचते, बाई? शिक्का मारतो, फायलीत लावतो."

तीनदा! ठळक अक्षरात! मी उठून निघणारच होते.

"थांब. पोती हलवतो, ग्रामसभेत किल्ली देतो. पण ते निगरगट्ट काढ. माही पोरगी येईल ना तुमच्या वाचनालयात. तिनं वाचलं त?"

समितीची तातडीची बैठक झाली. मी म्हटलं, शब्द राहील. गुरुजी म्हणाले, किल्ली घे, पोरी. दोन विरुद्ध एक.

ग्रामसेवकाने शब्द पाळला, हे छापायला मला जड जातं. कॉम्प्युटर आता त्या खोलीत आहे. कीबोर्डला ब्लीचिंगचा वास येतो. 'ही खराब फाइल काढू का?' असं गुरुजी अधूनमधून विचारतात. मी काढू देत नाही. तिच्यात, कंस, टक्के आणि पाउंडाच्या खुणांमध्ये कुठेतरी, ग्रामसेवक अजून निगरगट्ट आहे.